उन्हाळी विज्ञानवर्गांचा प्रवेशअर्ज : एका कसोटीचा इतिहास

अमेरिकेतील शाळांना जून ते ऑगस्ट या काळात दीर्घ सुटी असते, आणि या सुटीत निवडक शालेय विद्यार्थ्यांना एखाद्या विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत काही आठवडे निवासी ठेवून त्यांच्याकडून गणिताचा अथवा विज्ञानाचा खराखुरा अभ्यास करून घेण्याची परंपरा त्या देशात सुमारे शंभर वर्षे चालत आलेली आहे. या वर्गांतील नामांकित वर्गांकडे आज उपलब्ध जागांच्या कित्येक पट अर्ज येतात, त्यामुळे त्यांचा इतिहास लिहिताना तेथे काय शिकवले गेले याइतकाच विद्यार्थी कसे निवडले गेले हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बुद्धी म्हणजे काय आणि ती ओळखावी कशी, याविषयी प्रत्येक पिढीच्या शिक्षकांनी जे मानले त्याचा लेखी पुरावा या प्रवेशअर्जांच्या बदलत्या रूपात सापडतो.

या परंपरेचा एक जुना उगम मेन राज्यातील बार हार्बर या किनारी गावात आहे. आनुवंशिकीचे अभ्यासक क्लॅरेन्स कुक लिटल हे मेन विद्यापीठाचे अध्यक्ष असताना त्यांनी १९२४ पासून काही विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात तेथे नेण्यास सुरुवात केली, आणि १९२९ मध्ये त्यांनी त्याच गावात जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केल्यानंतर हा उपक्रम तिच्या आश्रयाने वाढला. १९५५ च्या उन्हाळ्यात डेव्हिड बाल्टिमोर हा शाळकरी मुलगा या प्रयोगशाळेत आला होता, आणि वयाने थोडा मोठा असलेला हॉवर्ड टेमिन तेथे लहान विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत होता. पुढे या दोघांनी स्वतंत्रपणे काम करीत आरएनएवरून डीएनए तयार करणाऱ्या विकराचा, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा, शोध लावला आणि १९७५ च्या नोबेल पुरस्कारात दोघेही सहभागी झाले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेच्या नित्य कामात सामावून घेता येते, हे या उपक्रमाने अशा वर्गांचे पेव फुटण्याच्या बरेच आधी दाखवून दिले होते.

बुद्धिमान मुलांची देशपातळीवर निवड करण्याची कल्पना १९४२ मध्ये सुरू झालेल्या वेस्टिंगहाउस विज्ञान प्रतिभा शोध स्पर्धेने रूढ केली. विजेची यंत्रे बनवणारी ही कंपनी आणि विज्ञानप्रसाराचे काम करणारी सायन्स सर्व्हिस ही संस्था यांनी चालवलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला विज्ञानविषयक निबंध आणि शिक्षकांचे अभिप्राय विचारात घेतले जात व अंतिम फेरीसाठी ४० जणांची निवड होई. अर्जात गुणांपलीकडचे काहीतरी मागावे, ही पद्धत पुढील उन्हाळी वर्गांनी पुष्कळ अंशी येथूनच उचलली. मात्र या वर्गांना खरी गती मिळाली ती ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडल्यामुळे. आपले विज्ञानशिक्षण मागे पडले आहे या भीतीने अमेरिकी संसदेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला, आणि १९५० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने शिक्षकांच्या प्रशिक्षणाबरोबरच हुशार शालेय विद्यार्थ्यांच्या उन्हाळी वर्गांनाही अनुदान देण्यास आरंभ केला.

सर्वच वर्ग स्पुटनिकच्या धक्क्यातून जन्मले, असे मात्र म्हणता येत नाही. गणितज्ञ आर्नॉल्ड रॉस यांनी इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात १९४७ मध्ये शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला होता, आणि त्याच परंपरेत १९५७ मध्ये, उपग्रह उडण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात, शालेय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. शिकागोत जन्मलेल्या आणि ओडेसात वाढलेल्या रॉस यांनी या वर्गासाठी संख्या सिद्धांत, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास, हा विषय जाणीवपूर्वक निवडला, कारण त्यात प्रवेश करण्यासाठी फारशी पूर्वतयारी लागत नाही आणि तरीही पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी खोल प्रश्नांपाशी पोहोचतो. विद्यार्थ्याने आधी संख्यांची उदाहरणे तपासावीत, त्यांतून एखादा नियम दिसतो का ते पाहावे, तो अनुमान म्हणून मांडावा आणि शेवटी सिद्ध करावा, अशी या वर्गाची शिस्त होती. साध्या गोष्टींचा खोल विचार करावा, हे त्याचे ब्रीद होते. हा वर्ग पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि नव्वदी ओलांडल्यावरही रॉस तो चालवीत राहिले. त्याच्या अर्जाचा गाभा म्हणजे विद्यार्थ्याने घरी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन सोडवायचे काही गणिती प्रश्न; उत्तर बरोबर आहे की नाही यापेक्षा अर्जदार अडल्यावर काय करतो, हे त्यांतून पाहिले जाई.

याच काळात कॅलिफोर्नियातील ओहाय येथील थॅचर स्कूल या निवासी शाळेत १९५९ मध्ये समर सायन्स प्रोग्राम सुरू झाला. आरंभी तेथे फक्त मुलग्यांना प्रवेश होता. या वर्गाचे केंद्र एकच काम होते आणि अनेक दशके तेच राहिले : पृथ्वीजवळून जाणाऱ्या एखाद्या लघुग्रहाची, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान खडकाळ पिंडाची, कक्षा स्वतःच्या निरीक्षणांवरून काढणे. विद्यार्थी रात्री दुर्बिणीतून छायाचित्रे घेत, ज्ञात ताऱ्यांच्या संदर्भात लघुग्रहाचे स्थान मोजीत, आणि काही रात्रींच्या मोजमापांवरून त्याची पूर्ण कक्षा गणिताने निश्चित करीत. १८०१ मध्ये सिरीस हा पिंड सापडून पुन्हा दिसेनासा झाला, तेव्हा गणितज्ञ गाउस यांनी थोड्याच निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली होती. त्याच जातीची आकडेमोड ही मुले सुरुवातीच्या वर्षांत यांत्रिक गणनयंत्रांवर आणि नंतर स्वतः लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलींनी करीत. येथे उत्तर पुस्तकात छापलेले नसते आणि एका रात्रीची चूक पुढील सर्व गणितात उतरते, त्यामुळे हुशारीइतकीच चिकाटी आणि इतरांबरोबर काम करण्याची वृत्ती असणाऱ्या अर्जदारांची या वर्गाला गरज होती.

ज्या देशाच्या भीतीने अमेरिकेत हा पैसा ओतला गेला, तो सोव्हिएत संघही याच वाटेने चालला होता. १९६२ मध्ये सायबेरियातील अकादेमगोरोदोक या विज्ञाननगरीतील शास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांसाठी गणित व भौतिकीचे प्रश्न वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केले, उत्तरे टपालाने मागवली, आणि पुढील फेऱ्यांतून निवडलेल्यांना उन्हाळी शाळेसाठी बोलावले. तिच्यातून १९६३ मध्ये एक कायम निवासी शाळा उभी राहिली. दूर खेड्यातील मुलापर्यंत शिक्षक पोहोचत नसला, तरी प्रश्न पोहोचू शकतो, हे तत्त्व त्यात होते आणि ते रॉस यांच्या अर्जाशी जुळणारे होते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सरकारने विज्ञानशिक्षणाच्या अनुदानात मोठी कपात केली. त्याच सुमारास, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचे जनक आणि अमेरिकी शाळांचे कठोर टीकाकार अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी जोआन डिजेनारो यांच्यासह १९८३ मध्ये एक संस्था स्थापन केली, आणि तिने १९८४ मध्ये रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हा वर्ग सुरू केला. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, स्थिरावलेल्या या वर्गात सहा आठवड्यांत विद्यार्थी एखाद्या संशोधकाच्या हाताखाली स्वतंत्र प्रकल्प करतो, त्यावर शोधनिबंध लिहितो आणि तो सर्वांपुढे मांडतो. निवड झालेल्यांकडून शिक्षणशुल्क किंवा निवासखर्च घेतला जात नाही. त्याच्या अर्जात गुणपत्रक, प्रमाणित परीक्षांचे निकाल, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि आपल्या वैज्ञानिक जिज्ञासेविषयीचे निबंध अशी सामग्री मागितली गेली.

येथून पुढे निवडीच्या दोन परंपरा स्पष्टपणे वेगळ्या दिसतात. पहिली परंपरा अर्जदाराने आजवर काय मिळवले हे पाहते, तर दुसरी तो आत्ता कसा विचार करतो हे पाहते. रॉस यांच्या परंपरेतून १९८९ मध्ये बोस्टन विद्यापीठात उभ्या राहिलेल्या प्रॉमिस या वर्गाने आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या मॅथकॅम्पने दुसरी परंपरा जपली. सर्व प्रश्न सुटलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह नसतो, आणि अपुरे उत्तरही स्पष्ट विचारांसह मांडण्यास ते सांगतात. पहिल्या परंपरेचे तोटे उघड आहेत : ज्या शाळेत प्रयोगशाळा आहे, ज्या घरी प्राध्यापकांची ओळख आहे आणि ज्या गावी स्पर्धांची तयारी करून घेणारे शिक्षक आहेत, तेथील मुलाचा अर्ज आधीच भरलेला असतो. दुसरी परंपराही या विषमतेतून पूर्ण मुक्त नाही, कारण मोकळा वेळ आणि निवांत खोली ही देखील एक संपत्तीच आहे. परंतु ती अर्जदाराला अर्ज करता करताच काहीतरी शिकवते, हा तिचा निर्विवाद विशेष आहे.

पैशाचा प्रश्न या इतिहासात सतत सोबत राहिला. अभियांत्रिकीत अल्प प्रमाणात दिसणाऱ्या समाजगटांतील मुलांसाठी एमआयटीने १९७० च्या दशकात विनाशुल्क उन्हाळी वर्ग सुरू केला. दुसऱ्या बाजूने, महाविद्यालयीन प्रवेशाची स्पर्धा तीव्र झाली तसतसे विद्यापीठांच्या आवारात भरणारे, मोठे शुल्क घेणारे आणि फारशी निवड न करणारे वर्गही वाढले. समर सायन्स प्रोग्रामला मात्र त्याचे माजी विद्यार्थी आणि क्वालकॉम या दूरसंचार-तंत्रज्ञान कंपनीचे सहसंस्थापक फ्रँकलिन अँटोनिओ यांच्या २०२२ मधील निधनानंतर त्यांच्या मृत्युपत्रान्वये सुमारे २० कोटी डॉलर मिळाले. अशा एका उन्हाळ्याचे मोल एखाद्या विद्यार्थ्याने किती मानले, याचा हा पुरावा आहे.

भारतातही याच कालखंडात समांतर प्रयत्न झाले. १९६३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू झाली, १९७६ मध्ये गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंस्था स्थापन केली, आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या मुंबईतील मानखुर्द येथील आवारात ऑलिम्पियाड या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी टप्प्याटप्प्याने निवडलेल्या विद्यार्थ्यांची उन्हाळी शिबिरे भरू लागली. या शिबिरांचा हेतू त्या स्पर्धांसाठी संघ निवडणे हा असल्याने त्यांची कसोटी मुख्यतः वेळेच्या बंधनातील परीक्षेची राहिली. घरी बसून, सावकाश, अनेक दिवस एकाच प्रश्नावर विचार करायला लावणारा प्रवेशअर्ज आपल्याकडे त्या प्रमाणात रुजला नाही.

या शंभर वर्षांच्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. ज्या वर्गांनी अर्जालाच पहिला धडा मानले, त्यांनी निवड झालेल्या थोड्यांबरोबर निवड न झालेल्या पुष्कळांनाही काही दिले, आणि ज्यांनी अर्ज हा केवळ कर्तृत्वाचा हिशेब मानला, त्यांनी नाकारलेल्यांच्या हाती काहीच ठेवले नाही. म्हणून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आणि विज्ञानसंस्थांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग आखताना प्रथम चांगले प्रश्न मराठीत छापून ते प्रत्येक तालुक्यातील शाळेपर्यंत पोहोचवावेत, उत्तरांसाठी पुरेसे आठवडे द्यावेत आणि आलेले प्रत्येक उत्तर वाचून त्यावर चार ओळींचा अभिप्राय परत पाठवावा.