खांड

उन्हाळ्यात भाईंदरच्या आसपास लोकलच्या दारातून मिठागरं दिसतात. मातीच्या बुटक्या बांधांनी आखलेले वाफे, त्यांत आटत चाललेलं पाणी आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; मीठ धरायचं तर ते पाणी जवळपास दहापट आटावं लागतं. तोवर सगळी भिस्त बांधावर. बांध फुटून पाणी शिरलं, की कोकणात म्हणतात, 'खांड गेली'. पेशीला इजा कशी होते हे समजून घेताना मला याच शब्दाचा आधार वाटतो.

'पेशी' हा शब्द जुना, अर्थ मात्र बदललेला. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. महाभारतात गांधारीच्या पोटातून निघाली ती मांसपेशीच. तिचे पुढे एकशे एक भाग झाले. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पेशी ५०० मोजल्या आहेत, पण तिथे त्या शब्दाचा अर्थ आज आपण ज्यांना स्नायू म्हणतो तो. हिंदीत अजूनही 'मांसपेशी' म्हणजे स्नायूच. मराठीने हा शब्द डोळ्यांना न दिसणाऱ्या घटकाला दिला. इंग्रजी 'सेल' लॅटिनमधल्या 'छोटी खोली' या अर्थाच्या शब्दावरून आला. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात खोल्या खोल्या पाहिल्या आणि हे नाव रुजलं. पण वनस्पतीच्या पेशीसारखी भिंत आपल्या पेशीला नसते. असतं एक पातळ पटल. त्याला बांध म्हणणंच बरं.

या बांधाबाहेर खारं पाणी आहे. पेशीभोवतीच्या द्रवात सोडियम आतल्यापेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त. ते सतत आत झिरपतं आणि पटलातले पंप ते सतत बाहेर टाकतात. पंपांना ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की ऊर्जा आटते, पंप मंदावतात, सोडियम आत साचतं, त्याच्यामागून पाणी येतं आणि पेशी सुजते. इथवर परतीची वाट असते. रक्त पुन्हा वाहू लागलं तर पेशी सावरते. नाही लागलं तर कॅल्शियम आत घुसतं, पेशीची स्वतःचीच विकरं तिला आतून पोखरतात आणि पटल फाटतं. खांड गेली. मग आतला ऐवज रक्तात वाहून येतो. हार्ट अटॅकच्या संशयावर 'ट्रोपोनिन' तपासतात, ते हेच वाहून आलेलं प्रथिन.

आता भाषेकडे पाहू. आपला 'खार' हा संस्कृत 'क्षार'. सुश्रुतसंहितेत त्याची फोड दोन तऱ्हांनी केली आहे: झिरपवतो, झिजवतो म्हणून क्षार, किंवा 'क्षणन' म्हणजे इजा करतो म्हणून क्षार. ज्या धातूतून हे क्षणन आलं, त्यातूनच 'क्षत', म्हणजे जखम. अर्थात तिथला क्षार म्हणजे जखमेवर वापरायचं दाहक औषध, सुश्रुताला सोडियमचं गणित ठाऊक नव्हतं. तरी खार आणि क्षत यांची गाठ त्या फोडीत पडलेली पाहून मी थांबतो.

दुसरी गाठ त्याहून खोल आहे. सुजेला संस्कृतात 'शोथ' म्हणतात. 'श्वि', म्हणजे फुगणे, हा त्याचा धातू. त्याच धातूचं रूप 'शून', म्हणजे फुगलेलं. फुगलेलं ते आतून पोकळ, म्हणून 'शून्य'. शोथ आणि शून्य एका मुळाचे. सुजलेली पेशी ज्या दोन टोकांच्या मधे उभी असते, ती ही दोन टोकं.

प्रत्येक पेशीमरण असं फुटून होत नाही. काही पेशी ठरल्या वेळी आक्रसून, तुकडे होऊन निमूट जातात आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी त्याला 'अपोप्टोसिस' हे नाव दिलं. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ झाडावरून पानं गळणं. मराठीत त्यासाठी 'पानगळ' हा शब्द तयारच आहे. पाठ्यपुस्तकांनी तो बिनदिक्कत घ्यावा.

पण हृदयविकाराच्या झटक्यात होते ती पानगळ नव्हे, खांडच बहुतेक. रक्त पूर्ण तुटलं तर हृदयाच्या स्नायूपेशी साधारण २० ते ४० मिनिटांत परतीच्या पलीकडे जाऊ लागतात. सगळ्या एकदम जात नाहीत. नुकसान तासागणिक पसरत जातं, म्हणून लवकर पोचलेल्याचं हृदय जास्त वाचतं. छातीत कळ येऊन घाम फुटला, तर 'गॅस असेल, सकाळी बघू' म्हणू नका. १०८ला फोन करा. खांड लहान असते तेव्हाच बुजवतात. पुढच्या उधाणाची वाट कुणी पाहत नाही.