रचनांची नावे: यादीवाद्यांना उत्तर

16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांच्या समावेशाला मान्यता मिळाली. आपल्याकडे चर्चा झाली ती क्रिकेटची, आणि ते स्वाभाविक होते. पण त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होता. अमेरिकन फुटबॉलचे हे पाच-पाच खेळाडूंचे रूप. चेंडू घेऊन पळणाऱ्याला इथे पाडायचे नसते, त्याच्या कमरेला अडकवलेली पट्टी ओढून घ्यायची असते. हेल्मेट लागत नाही, छातीखांद्यांचे पॅड लागत नाहीत. मैदान 70 यार्ड लांब आणि 25 यार्ड रुंद, म्हणजे फुटबॉलच्या एका पूर्ण मैदानात अशी तीन मैदाने आडवी सहज बसतात. ज्या नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, 2022 साली मुलींच्या 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्या शहराला जागेची किंवा हौसेची वाण पडू नये. वाण पडेल ती नीट शिकवण्याची. म्हणूनच शिकवण्याबद्दलचे एक रूढ मत इथे रुजण्याआधीच तपासून घेतले पाहिजे.

ते मत असे. आक्रमणाच्या प्रत्येक रचनेला, म्हणजे फॉर्मेशनला, एक स्वतंत्र नाव द्यावे. ही नावे अमेरिकेतून जशीच्या तशी घ्यावीत. मुलांकडून त्यांची यादी पाठ करून घ्यावी, आणि यादी वाढेल तसतसे आक्रमण बळकट होत जाईल.

हे मत मांडणारे अडाणी नाहीत, आणि त्यांची बाजू पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय तिचे खंडन करणे न्यायाचे होणार नाही. पहिला मुद्दा वेगाचा. दोन खेळ्यांमध्ये मोजके सेकंद मिळतात. एक शब्द कानावर पडला की मुलाने जागेवर जाऊन उभे राहावे, तीन शब्दांची फोड करत बसायला वेळ कुठे आहे? दाखला म्हणून ते न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचे नाव घेतात. 2012 च्या मोसमात या संघाने एकेका शब्दाच्या इशाऱ्यांवर इतका भरधाव खेळ केला की प्रतिपक्षाला दम घ्यायला उसंत मिळेना. दुसरा मुद्दा सोयीचा. मुले उद्या अमेरिकन सामने पाहतील, परदेशी प्रशिक्षक येतील, तेव्हा तिथलीच नावे ठाऊक असलेली बरी. तिसरा मुद्दा इतिहासाचा. 1940 साली शिकागो बेअर्सने ‘टी’ रचनेच्या जोरावर वॉशिंग्टनच्या संघाला अंतिम सामन्यात 73-0 असे चिरडले. एका रचनेत एवढे सामर्थ्य असेल तर वीस रचनांत किती असेल?

इतिहासापासूनच सुरुवात करू, कारण तिथे पूर्वपक्षाचा पाया सर्वांत ठिसूळ आहे. ‘टी’ रचना 1940 साली नवी नव्हती. ती एकोणिसाव्या शतकातली होती, आणि पॉप वॉर्नर यांची ‘सिंगल विंग’ लोकप्रिय झाल्यावर मागे पडली होती. बेअर्स स्वतः ती कित्येक वर्षे वापरत होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की 8 डिसेंबरच्या त्या अंतिम सामन्याच्या तीनच आठवडे आधी, 17 नोव्हेंबरला, याच वॉशिंग्टनने याच बेअर्सना 7-3 असे हरवले होते. संघ तेच, मैदान तेच, रचना तीच. मग एका सामन्यात 3 गुण आणि दुसऱ्यात 73, हे कशाने घडले? रचनेच्या नावाने तर नक्कीच नाही.

घडले ते असे. बेअर्सने चेंडू सुटण्याआधी एका खेळाडूला आडवे पळवले आणि वॉशिंग्टनचा बचाव त्याच्याबरोबर कसा सरकतो हे पाहिले. तो आधीच्या सामन्यातल्यासारखाच सरकला. उत्तर मिळाले. त्यांच्या दुसऱ्याच खेळीत बिल ओस्मान्स्की 68 यार्ड धावत जाऊन गुण घेऊन आला. हाच या साऱ्या वादाचा गाभा आहे. रचना म्हणजे बचावाला विचारलेला प्रश्न. प्रश्नाचे उत्तर नेमके समजायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते आणि बाकीच्या जागच्या जागी ठेवाव्या लागतात. ज्या प्रशिक्षकाकडे वीस सुट्या नावांची यादी आहे, त्याला एकच गोष्ट बदलता येत नाही. एक नाव टाकून दुसरे घेतले की सगळेच बदलते. बचाव हलला तर तो कशामुळे हलला, हे त्याला सांगता येईल काय?

संख्येच्या मोहाबद्दल फार लिहायला नको. व्हिन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सनी सात वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळवली ती मोजक्या चाली अपार घोटून. प्रतिपक्षाला त्या चाली माहीत असत. तरी थांबवता येत नसत.

आता पॅट्रियट्स. दाखला खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा. हा संघ ज्या पद्धतीने खेळत होता तिला रॉन एर्हार्ट आणि रे पर्किन्स या दोन प्रशिक्षकांची नावे जोडलेली आहेत, आणि तिचे मर्मच असे की खेळाडूंची मांडणी वेगळी सांगायची आणि चालीची कल्पना वेगळी सांगायची. तीच कल्पना कोणत्याही मांडणीतून खेळता येते. टॉम ब्रेडी 2012 साली या संघातले आपले तेरावे वर्ष खेळत होता. ज्यांना घटक मुखोद्गत आहेत, त्यांनी सगळा मजकूर एका शब्दात बांधला तर त्यात नवल नाही. तो शब्द त्यांच्यासाठी संक्षेप होता. ज्या मुलाला मूळ मजकूरच ठाऊक नाही, त्याला संक्षेप देऊन काय हाती लागणार? क्रम उलटा चालत नाही. आधी घटक, मग हवी तर लघुनावे.

घटकांनी नाव बांधायचे म्हणजे काय, हे नवी मुंबईकराला तरी फोड करून सांगावे लागू नये. सिडकोने वसवलेल्या या शहरात पत्ता सांगतात तो आधी नोड, मग सेक्टर, मग प्लॉट. वाशी, सेक्टर 17, अमुक प्लॉट. हजारो इमारतींना हजारो नावे पाठ करण्याची गरज कोणाला पडत नाही, आणि उद्या उठणाऱ्या नव्या इमारतीचा पत्ताही आजच सांगता येतो.

आता मैदानावर या. फ्लॅग फुटबॉलच्या आक्रमणात पाच जण: चेंडू मागे देणारा सेंटर, तो घेणारा क्वार्टरबॅक, आणि उरलेले तिघे. त्या तिघांना क, ख, ग म्हणू. तिघेही एका बाजूला असतील तर ‘तिकडी’. दोघे एका बाजूला आणि तिसरा दुसऱ्या बाजूला असेल तर ‘जोडी’. दोन्ही बाजूंना एकेक आणि तिसरा क्वार्टरबॅकच्या मागे असेल तर ‘सम’. बाजू सांगायला ‘डावी’ आणि ‘उजवी’. जोडीतला तिसरा पलीकडे न जाता मागे हवा असेल तर ‘मागे’. पसरून उभे न राहता सेंटरला लगटून उभे राहायचे असेल तर ‘जवळ’. शब्द झाले सात. रचना किती झाल्या, ते वाचकानेच मोजावे. तिकडी दोन, जोडी दोन, जोडी मागे दोन, सम एक. एकूण सात, आणि ‘जवळ’ जोडले की त्या चौदा होतात. इथवर दोन्ही पक्षांची तुलना सात शब्द विरुद्ध चौदा नावे अशी आहे. पण चेंडू सुटण्याआधी एकाला आडवे पळवण्यासाठी आठवा शब्द घाला. रचना झाल्या अठ्ठावीस. यादीवाल्यांना त्यासाठी आणखी चौदा नावे घोकून घ्यावी लागतील.

आणि शब्दांच्या मोजणीहूनही मोठा लाभ ऐकण्यात आहे. क आणि ख यांनी नेहमी पुकारलेल्या बाजूलाच जायचे, समामध्ये तेवढे क ने उजवीकडे आणि ख ने डावीकडे, असा नियम केला की त्यांना बहुतेक वेळा बाजूचाच शब्द कान देऊन ऐकावा लागतो. तिकडी की जोडी, पलीकडे की मागे, ही चिंता एकट्या ग ची. म्हणजे चपळ बुद्धीचे मूल ग च्या जागी ठेवावे, नवख्याला क करावे, आणि नवखाही पहिल्या आठवड्यात संघाबरोबर बिनचूक उभा राहावा. यादीत ही विभागणी शक्यच नाही. तिथे प्रत्येक नाव प्रत्येकाला संपूर्ण ठाऊक असावे लागते. मग ज्या पद्धतीला सोपी म्हटले जाते, ती नेमकी कोणासाठी सोपी आहे? पुकारणाऱ्यासाठी. उभे राहणाऱ्यासाठी नव्हे.

मुलांना असे जोडशब्द झेपणार नाहीत, अशीही एक शंका काढली जाते. महाराष्ट्रात बसून ही शंका काढावी याचे मला दुःख होते. कबड्डीच्या बचावात सात जण असतात. लेफ्ट कॉर्नर, लेफ्ट इन, लेफ्ट कव्हर, सेंटर, राइट कव्हर, राइट इन, राइट कॉर्नर. तीन जागा, दोन बाजू आणि एक मध्य, एवढ्या सहा शब्दांत साती जागांचा हिशेब पुरा होतो. शाळेच्या संघातला मुलगा हे पाटीवर लिहून शिकत नाही. डाव्या कोपऱ्यावरून उजव्या कोपऱ्यावर हलवले की आपली सगळी कामे आरशातल्यासारखी उलटली हे त्याला आपसूक कळते. अमेरिकेतही शाळकरी मुलांना हेच शिकवले गेले आहे. डेव्ह नेल्सन यांच्या डेलावेअर ‘विंग-टी’ पद्धतीत 121 असा आकडा पुकारतात. पहिला अंक रचनेचा, दुसरा चालींच्या समूहाचा, तिसरा चेंडू कुठून न्यायचा त्या जागेचा. ही पद्धत तिथल्या असंख्य हायस्कुलांनी दशकानुदशके वापरली. तिथल्या मुलांना जे झेपले ते खारघर-कोपरखैरण्याच्या मुलांना झेपणार नाही, असे मानायला आधार काय?

राहिला नावे आयात करण्याचा मुद्दा. ‘ट्रिप्स’, ‘ट्विन्स’, ‘शॉटगन’ असे काही शब्द तिथे सर्वत्र चालतात, हे मला मान्य आहे, आणि कोणाला ‘तिकडी’ऐवजी ‘ट्रिप्स’ म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. माझा वाद भाषेशी नाही, बांधणीशी आहे. पण त्यापलीकडे अमेरिकेत एकच सर्वमान्य यादी आहे ही समजूत निराधार आहे. एका संघातून दुसऱ्या संघात गेलेल्या व्यावसायिक खेळाडूलाही तिथली परिभाषा नव्याने शिकावी लागते. शिवाय त्या जाडजूड वह्यांतला मोठा भाग अकरा जणांच्या खेळाच्या नियमांतून आलेला आहे. तिथे किमान सात जण रेषेवर असावे लागतात, आणि रेषेवरच्यांपैकी फक्त दोन टोकांचेच पास झेलायला पात्र ठरतात. म्हणून कोण रेषेवर आणि कोण पाऊलभर मागे, हे नावात यावे लागते. पाच जणांच्या खेळात सगळेच पात्र असतात. जे बंधनच नाही त्याचे ओझे आपल्या मुलांच्या डोक्यावर कशासाठी?

एवढ्यावर निकाल मागणे मला पुरेसे वाटत नाही, म्हणून एक कसोटी सुचवतो. ज्या शाळेला किंवा क्रीडामंडळाला हा खेळ सुरू करायचा असेल, त्यांनी मुलांचे दोन गट करावेत. एकाला सहा रचना सहा सुट्या नावांनी शिकवाव्यात, दुसऱ्याला त्याच सहा रचना घटकांनी. सराव दोघांना सारखाच द्यावा. मग दोन्ही गटांना कधी न दाखवलेली सातवी रचना त्यांच्या-त्यांच्या पद्धतीने पुकारावी. दुसऱ्या गटाला, समजा, ‘तिकडी डावी जवळ’, आणि पहिल्याला तिचे जे काही स्वतंत्र नाव ठेवले असेल ते. जो गट न विचारता आपापल्या जागी उभा राहील, त्याच्या बाजूने वाचकांनी निकाल द्यावा. तो मला बंधनकारक राहील.