तिळाच्या तेलातील एक टक्का

‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’वरून आला आणि ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे शेंगदाण्याचे, करडईचे, खोबऱ्याचे, इतकेच काय जमिनीतून निघणारे खनिज तेलही आपल्यासाठी ‘तेल’च झाले. भाषेतल्या या पुराव्याला जमिनीतल्या पुराव्याचीही जोड आहे. हडप्पा येथे माधोस्वरूप वत्स यांनी केलेल्या उत्खननात जळून गोळा झालेले तीळ सापडले होते.

इतक्या जुन्या तेलात वेगळे असे काय आहे? सुमारे ९९ टक्के भाग पाहिला तर फारसे काही नाही. इतर खाद्यतेलांप्रमाणेच त्यात मेदाम्लांची ग्लिसराइडे असतात. वेगळेपण आहे ते उरलेल्या एखाद्या टक्क्यात. या भागात सिसॅमिन आणि सिसॅमोलिन ही दोन संयुगे असतात. ती ‘लिग्नान’ या वनस्पतिजन्य गटात मोडतात. आज तिळाच्या तेलाचे जे आरोग्यगुण सांगितले जातात, त्यांपैकी बरेचसे यांच्याच नावावर जमा आहेत. परंतु विज्ञानाची या संयुगांशी ओळख आरोग्याच्या वाटेने झाली नाही. ती झाली भेसळीच्या वाटेने.

एकोणिसाव्या शतकात युरोपात महाग ऑलिव्ह तेलात तिळाचे स्वस्त तेल मिसळले जाई. ते ओळखण्याची युक्ती बॉदुआँ या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे. तेलात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व थोडी साखर घालून हलवले की आम्लाचा थर किरमिजी होतो. आम्लामुळे साखरेपासून फुरफुरालसारखे संयुग बनते, तर सिसॅमोलिनपासून सिसॅमोल हे फिनॉल सुटे होते. या दोघांच्या संयोगाने रंग येतो. पुढे विलावेक्किया व फाब्रिस या इटालियन रसायनज्ञांनी साखरेऐवजी थेट फुरफुराल वापरून ही कसोटी अधिक भरवशाची केली.

मग एक गमतीदार उलथापालथ झाली. जे तेल भेसळ म्हणून पकडले जाई, तेच भेसळ पकडून देण्याच्या कामी आले. मार्गारीन लोण्यात मिसळून विकले जाऊ नये म्हणून जर्मनीने १८९७ मध्ये मार्गारीनच्या स्निग्ध भागात १० टक्के तिळाचे तेल सक्तीचे केले. भारतात १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनी वनस्पती तुपात वजनाने किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक केले. तुपात वनस्पती मिसळले की बॉदुआँ कसोटीत लाल रंग उमटणार!

हा प्रयोग वर्गात शिक्षकांनी स्वतः, काळजीपूर्वक करून दाखवावा, कारण तीव्र आम्ल धोक्याचे असते. सोबत साखर न घातलेली दुसरी परीक्षानळी ठेवावी, कारण काही कृत्रिम रंग नुसत्या आम्लानेही लाल होतात. आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : रंग आला नाही, तर तूप शुद्ध ठरते का? नाही. त्यात तिळाचे तेल नाही, एवढेच ठरते.

दुसरी ओळख झाली कीटकनाशकांच्या प्रयोगशाळेत. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणारे पायरेथ्रम हे उत्तम कीटकनाशक आहे. तिळाच्या तेलाने त्याचा प्रभाव वाढतो, हे दाखवणाऱ्या ईगलसन यांना १९४० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. १९४२ मध्ये हॅलर व सहकाऱ्यांनी यामागचे सिसॅमिन वेगळे करून तपासले. डास-माश्यांच्या शरीरात विष मोडून टाकणारी विकरे असतात. सिसॅमिनच्या रेणूतील एक विशिष्ट वलयाकृती रचना त्यांना अडवते, हे पुढे समजले. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे पायरेथ्रम बंद झाल्याने असलेला साठा पुरवून वापरणे भाग होते. सैनिकांना दिलेल्या डासनाशक फवाऱ्यात म्हणूनच पायरेथ्रमबरोबर तिळाचे तेल असे. तीच वलयाकृती रचना असलेले पायपरोनिल ब्युटॉक्साइड आज मच्छरदाण्यांतही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अशा मच्छरदाण्यांची सशर्त शिफारस केली.

तिसरा धागा स्वयंपाकघरातला. तिळाच्या तेलात सुमारे ४० टक्के किंवा त्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते. हे मेदाम्ल हवेतील ऑक्सिजनने सहज बिघडते, तरीही तिळाचे तेल लवकर खवट होत नाही. तीळ भाजताना सिसॅमोलिनपासून सुटे होणारे सिसॅमोल ऑक्सिडीकरण रोखते. १९८० च्या दशकात जपानमध्ये फुकुदा, ओसावा व नामिकी यांनी दाखवले की, तेल शुद्ध करताना आम्लयुक्त मातीमुळे सिसॅमोलिनचे सिसॅमिनॉल बनते आणि तेही हेच काम करते. म्हणजे ‘शुद्धीकरणात सारे गुण नष्ट होतात’ हे सरसकट विधान खरे नाही.

सिसॅमिनची गोष्ट आणखी निराळी. त्याच्याजवळ मोकळा फिनॉल गट नाही, त्यामुळे परीक्षानळीत ते ऑक्सिडीकरण रोखण्यात दुबळे ठरते. यकृतात मात्र त्याचे वलय उघडते आणि मग तो गुण प्रकट होतो. उंदरांत ते कोलेस्टेरॉलचे शोषण व निर्मिती कमी करते, असे १९९१ मध्ये जपानी संशोधकांना आढळले.

आणि माणसांत? रक्तदाब थोडा उतरल्याचे काही प्रयोगांत दिसले, पण त्यांतले बरेच प्रयोग थोड्या लोकांवर, काही आठवड्यांपुरते झालेले आहेत. शिवाय हिशेब करून पाहावा. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. त्यात एक टक्का धरला तर ४५ मिलिग्रॅम लिग्नान आणि सुमारे ४० किलोकॅलरी ऊर्जा. उंदराला दिलेली शुद्ध सिसॅमिनची मात्रा आणि आपल्या फोडणीतली मात्रा एकच समजता येत नाही. काहींना तिळाची तीव्र ॲलर्जीही असते. अमेरिकेत २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे तो त्यासाठीच.

‘लाकडी घाण्याचे तेल रक्तदाब बरा करते’ अशी जाहिरात वाचली, की हॅलर यांची रीत आठवावी. त्यांनी तेलाचे गुणगान केले नाही. नेमके कोणते द्रव्य, किती मात्रेत आणि कशाच्या जोडीने काम करते, हे त्यांनी शोधले. तिळाचे तेल चवदार आहे, टिकाऊ आहे, इतर तेलांबरोबर आलटून पालटून जरूर वापरावे. पण रक्तदाबाची गोळी त्यासाठी सोडू नये.