मैदान जवळ येतं तेव्हा

३ जून १९८९ची संध्याकाळ. तुम्ही टोरांटोत आहात, स्कायडोम या नव्याकोऱ्या स्टेडियमच्या उद्घाटनाला. बाहेर पाऊस लागलाय. डोक्यावर सरकणारं अजस्र छप्पर आहे. ते उघडायला वीस मिनिटं लागतात आणि आजचा सोहळा ते दाखवण्यासाठीच आहे. म्हणून भर पावसात छप्पर उघडतं आणि नटूनथटून आलेली हजारो माणसं चिंब होतात. तुमचाही सदरा अंगाला चिकटलाय.

ओलेत्या अंगानेच जरा खाली बघा. खालच्या खुर्च्यांचे भाग रुळांवर बसवलेत. बेसबॉल असला की एका रचनेत, कॅनेडियन फुटबॉल असला की दुसऱ्या, शिवाय गाण्याचे कार्यक्रम आणि मेळावे. खुर्चीत सरळ बसलात तर नजर जाते मैदानाच्या मधोमध. पण बेसबॉलचा जीव एका कोपऱ्यातल्या होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, असतो, त्यामुळे नऊ डाव मान तिरकी ठेवूनच बघायचे. एकच वास्तू, सगळी कामं, असा त्या काळाचा विचार होता.

तोच विचार आदल्या वर्षी आपल्याकडे अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई रोडवर उभा राहिला होता. मुंबई महापालिकेचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल १९८८चं. सगळे त्याला अंधेरी स्पोर्ट्‌स कॉम्प्लेक्सच म्हणतात. पोहण्याचा तलाव, बाकीच्या खेळांच्या सोयी आणि मध्ये मोठं मैदान. उपनगरातल्या कितीतरी पोरांनी तिथे पाण्यात पहिल्यांदा हातपाय मारले. मैदानाला मात्र आपला असा खेळ मिळाला नव्हता.

आता १ नोव्हेंबर १९९६. मेट्रो अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. अंधेरी स्टेशनपासून जयप्रकाश रोडने तुम्ही गर्दीच्या रेट्यातच पुढे सरकताय. आज मायकल जॅक्सन आलाय. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं, ते फोटो तुम्ही पेपरात पाहिलेत. शिव उद्योग सेनेचा कार्यक्रम, युतीचं सरकार आणि माफ झालेला करमणूक कर; तो वाद पुढे कित्येक वर्षं कोर्टात रेंगाळणार आहे. रंगमंचावर धूर उसळतो, अंतराळयान उतरतं आणि दार उघडून तो बाहेर येतो. तुम्ही टाचा उंचावता, पुढच्याच्या खांद्यावरून बघता. एवढ्या लांबून तो बोटभर दिसतो. रात्र विसरण्यासारखी नाहीच. पण पायाखाली खेळाचं मैदान आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. नंतरही इथे फिल्मी पुरस्कारांचे मांडव पडत राहतात.

त्या वर्षांत उपनगरातल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोराबरोबर एकदा लोकलमध्ये चढून बघा. मालवणी, ऑर्लेम, कुर्ला, कुठलाही धरा. बूट पिशवीत, डबा पिशवीत, चर्चगेटला उतरायचं आणि कूपरेजच्या मैदानापर्यंत चालत जायचं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा या मुंबईचा, तरी खेळाचं घर शहराच्या दक्षिण टोकालाच राहिलं. ज्या उपनगरांत पोरं राहतात, तिथे मोठा सामना नाही. मला याचं कायम वाईट वाटत आलंय.

मध्ये एक थांबा वरळीचा. २६ जुलै २०१४, एनएससीआयच्या घुमटाखाली प्रो कबड्डीचा पहिला सामना, यू मुंबा आणि जयपूर. मधोमध एक मॅट आणि भोवती माणसं. चढाईपटू वळला की त्याचं वळणं दिसतं, पकड बसली की अख्खा घुमट ओरडतो. कबड्डी मातीतून मॅटवर गेली म्हणून हळहळणारे होते, मीही त्यांच्यातला. पण जत्रेतल्या कबड्डीला माणसं रेषेला खेटून बसायची, ते खेटून बसणं इथे शाबूत होतं.

३ सप्टेंबर २०१६. पुन्हा वीरा देसाई रोड. आता आझाद नगर मेट्रो स्टेशनवरून चालत आलात. मुंबईत ६१ वर्षांनी पुरुषांचा आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना होतोय, भारत आणि पोर्तो रिको. पाहुणे पेनल्टीवर पहिला गोल करतात, भारत ४-१ने जिंकतो. पुढच्याच महिन्यात मुंबई सिटी एफसी नेरूळच्या डी. वाय. पाटीलमधून इथे राहायला येते, उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला घेऊन. मैदानाला नवं नाव मिळतं, मुंबई फुटबॉल अरेना. नेरूळला क्रिकेटचं मैदान; तिथल्या वर्तुळात फुटबॉलचा आयत बसवला की गोलपोस्ट दूरच राहतो. इथे सात-आठ हजार माणसांचीच सोय, पण कठड्याला हात टेकवून उभे राहिलात तर थ्रो-इन घेणाऱ्याच्या पोटऱ्यांना लागलेला चिखल दिसतो. गोलकीपर बचावफळीवर खेकसतो ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं. चेंडूला बूट लागल्याचा आवाज तर टीव्हीवर कधी आलाच नव्हता.

आणि तरीही १ जून २०१८च्या संध्याकाळी तुम्ही इथे याल तेव्हा रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसतील. इंटरकॉन्टिनेन्टल कप, समोर चायनीज तैपेई. भारत ५-० जिंकतो, सुनील छेत्री तीन गोल करतो आणि बघायला असतात २,५६९ माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्री फोनसमोर बसून बोलतो. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन द्या, असं त्याचं म्हणणं. भारताचा कर्णधार हात जोडून प्रेक्षक मागतोय, हे बघताना पोटात कालवतं.

४ जून २०१८. तिकिटं संपलीत. छेत्रीचा शंभरावा सामना, समोर केनिया आणि वर पाऊस. तुम्ही उघड्या स्टँडमध्ये आहात. छत्री उघडली तर मागचा ओरडतो, म्हणून सगळेच भिजतात. मैदानावर पाणी साचलंय. पास दिलेला चेंडू मध्येच तळ्यात रुतून बसतो, खेळाडू दोन पावलं पुढे निघून गेलेला असतो. मध्यंतरापर्यंत गोल नाही. शेजारच्या बाईंनी मुलाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलीय, कुणीतरी वेफर्सचं भिजलेलं पाकीट पुढे सरकवतं आणि तुम्ही ते घेता. मग ६८व्या मिनिटाला पेनल्टी. छेत्री चेंडू ठेवतो आणि अख्खं मैदान गप्प होतं. गोल. तीनच मिनिटांत त्याचा सहकारी जेजे दुसरा करतो. शेवटाला छेत्री पुढे आलेल्या कीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकतो. ३-०. त्या चेंडूचं जाळ्यात पडणं तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, मोठ्या पडद्याकडे बघावं लागलं नाही. टोरांटोच्या भिजण्यात आणि या भिजण्यात २९ वर्षं आणि एक दिवसाचं अंतर. तिथे लोक छप्पर बघायला आले होते, इथे खेळ बघायला.

६ नोव्हेंबर २०२३ला मात्र अंधेरीचा माणूस परत नेरूळला निघालाय. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीचा अल हिलाल येणार. मुंबईचे त्या स्पर्धेतले घरचे सामने पुण्याला बालेवाडीत, हा एक डी. वाय. पाटीलमध्ये. त्यांचा नेमार येणार म्हणून तिकिटं आधीच घेतलेली, पण गुडघ्याच्या दुखापतीने तो आलाच नाही. मुंबई ०-२ हरते. परतीच्या गाडीत शेजारचे गृहस्थ म्हणतात, अंधेरीचं पाडून तिथे मोठं बांधायला हवं.

त्यांना उत्तर द्यायला तुम्ही एप्रिल २०२४च्या टोरांटोत जाऊन या. स्कायडोमचं नाव आता रॉजर्स सेंटर. कॅनेडियन फुटबॉलवाले केव्हाच दुसरीकडे गेले. दोन हिवाळ्यांत मिळून सुमारे ३० कोटी कॅनेडियन डॉलर खर्चून आतून सगळं बदललंय. पहिल्या हिवाळ्यात मागच्या बाजूला उभं राहून बघायच्या जागा केल्या, दुसऱ्यात खालचे सगळे टप्पे फोडून पुन्हा बांधले, प्रत्येक खुर्ची होम प्लेटकडे वळवून. वरचं काँक्रीट तेच, छप्पर तेच. आसनं वाढवायला हा खर्च केलेला नाही. माणसाला खेळाकडे तोंड करून बसता यावं म्हणून केलाय. बसून बघा, मान आता सरळ आहे.

म्हणून माझं त्या गृहस्थांना सांगणं आहे की अंधेरीचं पाडू नका. स्टँड मागे ढकलून उंच कराल तर पोटरीवरचा चिखल दिसायचा बंद होईल, आणि माणसं तेवढ्यासाठीच तर येतात. उघड्या स्टँडवर छप्पर घाला. पाण्याचा निचरा असा करा की जूनमध्ये पास रुतणार नाही. बायकांसाठी पुरेशी, वाहत्या पाण्याची स्वच्छतागृहं बांधा. रंगमंच आणि मांडव दुसरीकडे न्या, शहरात त्यांना जागा आहेत. आणि गवताला झेपेल तेवढे दिवस मालवणीच्या, कुर्ल्याच्या शाळांचे सामने इथेच लावा, सकाळी, याच गोलपोस्टांवर, गेट उघडं ठेवून.