कपबशीचा इतिहास : पादुआ ते कोल्हापूर

युरोपातील लोकशाही चळवळींचा इतिहास लिहिताना कॉफीगृहांचा उल्लेख हमखास होतो. इटलीतील पादुआ शहराचे काफे पेद्रोक्की त्यांपैकीच एक. आंतोनिओ पेद्रोक्की या कॉफीविक्रेत्याने जुझेप्पे याप्पेल्ली या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेले हे कॉफीगृह १८३१ मध्ये सुरू झाले. १९१६ पर्यंत ते रात्रंदिवस उघडे असे. म्हणून त्याला 'दारे नसलेले कॉफीगृह' म्हणत. त्याच्या हिरव्या दालनात काहीही विकत न घेता कोणीही बसावे, वर्तमानपत्र वाचावे, असा रिवाज होता. ८ फेब्रुवारी १८४८ रोजी ऑस्ट्रियन सत्तेविरुद्ध पादुआचे विद्यार्थी उठले, तेव्हा गोळीबार या कॉफीगृहातही शिरला. गोळीची खूण भिंतीवर आजही जपलेली आहे.

हा भाग वर्गात शिकवताना एक प्रश्न मला टाळता येत नाही. खिशात दमडी नसलेल्या माणसाला तिथे खुर्ची मिळत होती. आपल्याकडे रोख पैसे मोजणाऱ्या माणसालाही कप का मिळत नव्हता? गरिबी आणि अस्पृश्यता एकच, असे सांगणाऱ्या पंडितांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

इटालियन मिठाई मुंबईतही आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी फोर्ट भागात दोघा इटालियन भावांचे मोंजिनीज चाले. त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः गोरे. एतद्देशीय उच्चवर्णीयांची अडचण निराळीच होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. ज्या पेल्याभोवती राजकीय चर्चा रंगायची, तो पेलाच धर्मपीठापुढे आरोपी म्हणून उभा राहिला. पण तो सारा वाद पिणाऱ्याच्या शुद्धीचा होता. ज्यांच्या स्पर्शाने पेला बाटतो असे मानले जाई, त्यांचा त्या वादात कुठे उल्लेखही नव्हता.

तो माणूस इतिहासात उभा राहिला कोल्हापुरात. गंगाराम कांबळे हे छत्रपतींच्या पागेतील नोकर. पाण्याला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. शाहू महाराजांनी त्यांना मदत देऊन स्वतंत्र धंद्याला लावले आणि भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. महाराच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्या प्रतिष्ठितांनाही पाजू लागले. यात महाराजांचे मोठेपण आहेच. परंतु आपले लेखक केवळ राजाच्या घोटाचे वर्णन करतात आणि चूल पेटवणाऱ्या गंगारामांना कथेतले निमित्त करून टाकतात. मार खाल्लेला माणूस भर रस्त्यावर दुकान मांडतो, गिऱ्हाईक फिरकत नसतानाही रोज आधण ठेवतो, हे धैर्य राजाश्रयातून येत नाही. १९२२ मध्ये महाराज गेले. त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच गंगारामांनी.

एका राजाच्या इच्छेवर अवलंबून असलेला हा हक्क बाबासाहेबांनी कायद्यात आणला. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे संविधानाचा १५ वा अनुच्छेद सांगतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत 'दुकान' या शब्दाविषयी विचारणा झाली, तेव्हा हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, जिथे मोबदल्यात सेवा मिळते ते सारे त्यात येते, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. पुढे १९५५ चा अस्पृश्यता कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले.

आमच्या सावद्याची केळी दिल्लीच्या बाजारात जातात. घड कापणारे, वाहणारे, वॅगनीत भरणारे हात कोणत्या जातीचे, हे तिथले गिऱ्हाईक विचारीत नाही. माल खपतो तोवर स्पर्श बाटत नाही. माणूस शेजारी बसू लागला की बाटतो. म्हणून वेगळ्या कपाची गोष्ट केवळ चालीरीतींच्या प्रकरणात ढकलून चालणार नाही. एकत्र बसता येत नाही तिथे एकत्र वादही घालता येत नाही, आणि वादाशिवाय लोकशाही कसली? विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या जुन्या हॉटेलांचा इतिहास लिहावा. कप कोण विसळत होते, बाहेर कोण बसत होते, आत पहिल्यांदा कोण शिरले, हे सांगणारी माणसे आज थकली आहेत. त्यांच्याकडे आताच गेले पाहिजे.