नरपडपासून वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, किल्ले, बादशहा आणि सनावळ्या येतात. एखाद्या होडीलाही इतिहास असतो, हे सहसा मनात येत नाही. पक्षी पाहायला निघालेल्या होडीचा इतिहास तर कोण लिहिणार? पण तो आहे, आणि त्यात आपल्या समाजातल्या दोन माणसांची नावे ठळक आहेत. काही नावे मात्र कुठेच नाहीत. हा लेख त्या दोन्हींसाठी आहे.

सुरुवात नरपडपासून करू. डहाणूच्या उत्तरेला, सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या यांच्या आडोशाने वसलेले हे किनाऱ्यावरचे गाव. हिवाळ्याच्या सकाळी भरती ओसरली की ओल्या वाळूवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. आपण त्यांच्याकडे बघतो न बघतो आणि चालू लागतो. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा असे आपण वाचले. नरपड त्याच्या अगदी उत्तरेकडचे, तर वेंगुर्ला अगदी दक्षिणेकडचे. सतराव्या शतकात डचांनी वखार घातली ते हे बंदर. रस्ते नव्हते तेव्हा मुंबईहून तिकडे जायचे ते बोटीनेच, आणि पावसाळ्यात तीही बंद.

या बंदरासमोर काही मैल आत समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. निवतीकडचे लोक निवती रॉक म्हणतात. त्यावर दीपगृह आहे. जहाजांना हे खडक धोक्याचे, पक्ष्यांना मात्र हक्काचे घर. सुरय पक्षी तिथे उघड्या कातळावर अंडी घालतात. समुद्राच्या लाटांनी कोरलेल्या अंधाऱ्या गुहेत पाकोळ्या राहतात. त्या तोंडाने टकटक आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतात. आपल्या लाळेत पिसे आणि शेवाळ मिसळून त्या कपारीला अर्ध्या वाटीसारखे घरटे चिकटवतात.

१८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम लक्षद्वीपच्या सफरीवर निघाले आणि पश्चिम किनाऱ्यावरची बेटे पाहताना या खडकांवरही गेले. होय, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम! त्या काळी पक्षी पाहणे म्हणजे पक्षी मारणे. बंदुकीने टिपायचा, कातडे सोलायचे, चिठ्ठी बांधायची. ह्यूम यांनी ऐंशी हजारांवर नमुने पुढे लंडनच्या संग्रहालयाला दिले. उत्तरायुष्यात त्यांनी पक्षी मारणे सोडले आणि ते शाकाहारी झाले. इतिहासात माणसे अशीही बदलतात.

त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळाने या खडकांकडे मुंबईचा एक तरुण वळला. त्याचे नाव हुमायून अब्दुलअली. जन्म १९१४ चा, सुलेमानी बोहरा कुटुंबातला, डॉ. सलीम अली यांच्या नात्यातला. वेंगुर्ल्याचे सुरय आणि पाकोळ्या यांच्यावरची त्यांची टिपणे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९४० आणि १९४२ मध्ये छापून आली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ते पुढे अनेक वर्षे मानद सचिव होते. मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा १९५१ मध्ये झाला, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. बंदूक त्यांनाही परकी नव्हती. सलीम अलींचा तर सारा प्रवासच लहानपणी मारलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला. पण या दोघांनी पक्ष्याचे जगणे समजून घ्यायला वेळ दिला. सलीम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी न्याहाळत बसले होते.

या नावांचा आपण अभिमान बाळगतो, आणि त्यात गैर काही नाही. पण मनात प्रश्न येतो : वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत यांना नेले कोणी? खवळलेल्या पाण्यात, निसरड्या कातळाला होडी लावून कोण उभे राहिले? कोकणच्या या पट्ट्यात गाबीत, खारवी, कोळी आणि आपले दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आले आहेत. वारा कधी फिरतो, थवा कुठे बसला म्हणजे खाली मासा आहे, हे त्यांना पुस्तकाविना कळते. विद्वानाचे नाव जर्नलात राहिले. तांडेलाचे नाव वाळूवर लिहिल्यासारखे पुसले गेले.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडले आहे. अर्जेंटिनात उश्वाया नावाचे अगदी दक्षिणेचे बंदर आहे. तिथून आज पर्यटकांच्या बोटी बीगल खाडीत पाणकावळे, सागरसिंह आणि पेंग्विन पाहायला निघतात. खडकावरच्या एका लाल-पांढऱ्या दीपगृहाला फेरी घालून परततात. उतरत मात्र नाहीत. त्या पाण्यात त्याआधी हजारो वर्षे यागान लोकांच्या होड्या फिरत होत्या. थॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने त्यांच्या भाषेचे बत्तीस हजार शब्द टिपून ठेवले. २०२२ मध्ये ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची वृद्धा, क्रिस्टिना काल्देरोन, चिलीमध्ये वारली. शब्दकोश राहिला, बोलणारे गेले. आपल्याकडे तर अजून बोलणारे आहेत. टिपणारे कमी आहेत.

आता वेंगुर्ल्याकडे परत येऊ. सुरय अंडी घालतात ती पावसाळ्यात, म्हणजे समुद्र बंद असतो तेव्हा. त्यांचा पहारेकरी पाऊसच! पाकोळीचे तसे नाही. तिचा विणीचा काळ बराचसा उन्हाळ्यात, समुद्र शांत असतानाचा. त्यामुळे चोराची होडीही बिनबोभाट गुहेपर्यंत जाते. या घरट्यांचे सूप चीनमध्ये मोठ्या चवीने खातात, म्हणून त्यांना भाव आहे. घरटे ओरबाडले की पाकोळी पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधते, तेही गेले तर तिसरे. पिल्ले वाढवायला मग तिच्यात त्राण उरत नाही. २००० नंतर चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चोरी उजेडात आणली व या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून पाठपुरावा केला.

आज निवती-भोगव्याहून डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या निघतात. २०२५ मध्ये निवती रॉकजवळ ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखाली संग्रहालय करण्याचे काम सरकारने हाती घेतले. गर्दी वाढणार, पैसाही येणार. किनाऱ्यावरच्या गरिबाला तो मिळावा, अशीच आपली इच्छा आहे. पण होडी खडकापासून किती अंतरावर थांबवायची, इंजिन कधी बंद करायचे, हे वेळीच ठरले नाही, तर जे दाखवायला माणसे आणायची तेच उरणार नाही. आणि हे ठरवताना तांडेलाला विचारले गेले पाहिजे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा पुन्हा आपल्या उत्तर टोकालाच सापडतो. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की, जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी मच्छीमाराला अर्ज करावा लागतो, फोटो द्यावा लागतो. म्हणजे ह्यूमच्या किंवा अब्दुलअलींच्या काळी ज्याचे नाव कुणी विचारले नाही, त्या माणसाचे नाव निदान सरकारी कागदावर तरी येऊ लागले आहे.

तेवढ्याने भागणार नाही. आपल्या शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत एक वही घेऊन बंदरावर जावे. म्हाताऱ्या तांडेलाजवळ बसावे. कुठल्या पक्ष्याला ते काय म्हणतात, तो कधी येतो, कधी जातो, त्यांच्या लहानपणी किती असत, हे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वर त्यांचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे. नरपडपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशा पन्नास वह्या भरल्या, तरी या किनाऱ्याच्या इतिहासाचे एक हरवलेले प्रकरण आपल्या हाती येईल.