मुसअब इब्न उमैर

मुसअब इब्न उमैर (जन्म: इ.स. ५८५ च्या सुमारास, मक्का, मृत्यू: मार्च ६२५, उहुद) हे इस्लामच्या अगदी आरंभीच्या काळात तो धर्म स्वीकारणाऱ्यांपैकी एक आणि मुहम्मद पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सहवासातील अनुयायी होते. मक्केतील सधन घराण्यात वाढलेल्या मुसअब यांनी धर्मांतरानंतर घर, संपत्ती आणि आईचे छत्र गमावले. पैगंबरांच्या हिजरतीपूर्वी यस्रिब, म्हणजे पुढील मदीना, येथे कुरआन शिकविण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले. त्यामुळे त्यांची गणना इस्लामचे पहिले शिक्षक-दूत अशी केली जाते. उहुदच्या लढाईत मुस्लिम सैन्याचे निशाण हाती असताना ते मारले गेले. त्यांची कुन्या, म्हणजे अपत्याच्या नावावरून पडणारे आदराचे नाव, अबू अब्दुल्लाह अशी सांगितली जाते. उत्तरकाळात ते ‘मुसअब अल-खैर’ या नावाने ओळखले गेले. ‘खैर’ म्हणजे भलेपणा.

इराकचे राज्यपाल असलेले मुसअब इब्न अझ-झुबैर हे पुढच्या पिढीतील वेगळे गृहस्थ होत.

कुळ आणि तारुण्य

मुसअब हे कुरैश जमातीतील बनू अब्द अद्-दार या कुळातले. त्यांचे वडील उमैर, आजोबा हाशिम. हे हाशिम पैगंबरांच्या बनू हाशिम कुळाचे मूळ पुरुष नव्हेत; नाव तेवढे सारखे. मुसअब आणि मुहम्मद पैगंबर या दोघांचीही वंशावळ पाचव्या पिढीत कुसय्य या समान पूर्वजापाशी मिळते.

मक्केच्या व्यवहारात बनू अब्द अद्-दार यांना परंपरेने मोठा मान होता. काबागृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत आणि युद्धप्रसंगी कुरैशांचे निशाण धरण्याचा अधिकारही त्यांचाच होता. या दोन्ही गोष्टींचा संबंध मुसअब यांच्या चरित्राशी पुढे येतो.

आई खुनास बिन्त मालिक (बिन्त म्हणजे कन्या) श्रीमंत आणि करारी होत्या. मुलावर त्यांचा फार जीव होता. चरित्रकार इब्न साद यांच्या वर्णनानुसार तरुणपणी मुसअब यांच्याइतका उंची पोशाख आणि उत्तम अत्तर वापरणारा दुसरा तरुण मक्केत नव्हता. त्यांच्या पायांत दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत प्रांताची पादत्राणे असत. चरित्रग्रंथांत हे तपशील पुढच्या दारिद्र्याच्या पार्श्वभूमीसारखे येतात.

धर्मांतर

पैगंबरांचे अनुयायी त्या वेळी मोजके होते. सफा टेकडीजवळ अल-अर्कम या सहाबींच्या घरी ते एकत्र जमत. मुसअब तेथे गेले, त्यांनी कुरआनाचे पठण ऐकले आणि इस्लाम स्वीकारला. आई व कुळातील माणसे यांच्या भीतीने त्यांनी ही गोष्ट गुप्त ठेवली.

एके दिवशी त्यांच्याच कुळातील उस्मान इब्न तल्हा यांनी त्यांना नमाज पढताना पाहिले आणि घरी कळविले. घरच्यांनी मुसअब यांना कोंडून ठेवले. मक्केत गुलामांना आणि निराधारांना धर्मांतराबद्दल उघड्यावर छळ सोसावा लागे, तर प्रतिष्ठित घरांतील तरुणांची कोंडी त्यांचे स्वतःचे नातलग करीत. मुसअब यांच्या वाट्याला हा दुसरा प्रकार आला.

ॲबिसिनियातील आश्रय

इ.स. ६१५ च्या सुमारास काही मुस्लिमांनी तांबडा समुद्र ओलांडून ॲबिसिनियाच्या ख्रिस्ती राजाचा आश्रय घेतला. या पहिल्या लहानशा तुकडीत मुसअब होते. मक्केतील विरोध मावळल्याची वार्ता ऐकून काही जण परतले, त्यांत तेही आले. मात्र ती वार्ता खरी नव्हती. परतलेल्या मुसअब यांचे रूप पार बदलले होते. अंगावर जाडेभरडे कपडे होते आणि शरीर रापलेले होते. त्यांची ही अवस्था पाहून आईने त्यांना पुन्हा बोल लावले नाहीत, असे इब्न साद लिहितात. घरातून मिळणारा पैसा मात्र बंद झाला होता.

यस्रिबमधील कार्य

मक्केच्या उत्तरेस, आजच्या रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर अंतरावर, यस्रिब ही खजुरीच्या बागांची वस्ती होती. तेथील औस आणि खजरज या दोन अरब जमातींत अनेक वर्षे वैर चालले होते. इ.स. ६१७ च्या सुमारास झालेल्या बुआसच्या लढाईत दोन्ही बाजूंचे प्रमुख कामी आले आणि जमाती थकून गेल्या. इ.स. ६२१ मध्ये यात्रेच्या काळात यस्रिबच्या बारा पुरुषांनी मक्केजवळील अकबा येथे पैगंबरांशी निष्ठेची शपथ घेतली. त्यांना धर्म शिकविण्यासाठी पैगंबरांनी मुसअब यांची निवड केली.

यस्रिबमध्ये ते खजरज जमातीचे असअद इब्न जुरारा यांच्या घरी उतरले. तेथे लोक त्यांना ‘अल-मुक्रि’, म्हणजे पठण शिकविणारा, म्हणू लागले. ते नमाजाचे नेतृत्वही करीत. त्याचे जे कारण इब्न इसहाक यांनी नोंदविले आहे ते लक्षात घेण्याजोगे आहे: औसांना खजरज इमाम नको होता आणि खजरजांना औस. बाहेरून आलेला, कोणत्याही जुन्या रक्तपातात हात नसलेला माणूस दोघांनाही चालण्यासारखा होता. एरवी परकेपण हे दुबळेपणाचे लक्षण ठरते. यस्रिबमध्ये तेच त्यांच्या उपयोगी पडले.

उसैद इब्न हुदैर आणि साद इब्न मुआज

या काळातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग औस जमातीच्या बनू अब्द अल-अशहल या शाखेशी संबंधित आहे. मुसअब आणि असअद एका बागेत विहिरीपाशी लोकांना शिकवीत बसले होते. शाखेचे प्रमुख साद इब्न मुआज यांना ते रुचले नाही. परंतु असअद त्यांचे मावसभाऊ असल्याने त्यांनी स्वतः न जाता उसैद इब्न हुदैर यांना पाठविले. उसैद भाला घेऊन आले आणि जीव प्यारा असेल तर येथून निघून जा, असे त्यांनी दोघांना बजावले. मुसअब यांनी त्यांना शांतपणे सुचविले की, क्षणभर बसून ऐकावे. पटले तर स्वीकारावे, न पटले तर आम्ही थांबू. ही अट न्याय्य आहे, असे म्हणून उसैद भाला जमिनीत रोवून बसले. ऐकून झाल्यावर त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यानंतर साद स्वतः आले, तेव्हा त्यांनाही हेच सांगण्यात आले आणि त्यांनीही धर्म स्वीकारला. त्यांच्या शब्दाला इतके वजन होते की संध्याकाळपर्यंत जवळजवळ सर्व शाखा त्यांच्यामागे गेली.

या यशाचे सारे श्रेय एका व्यक्तीला देता येत नाही. बुआसनंतरचा थकवा, तटस्थ मध्यस्थाची गरज आणि यस्रिबमधील ज्यूंच्या सहवासामुळे एकेश्वरवादाशी असलेला परिचय ही कारणेही अभ्यासक देतात. औसांच्या काही शाखांनी तर बरीच वर्षे इस्लाम स्वीकारला नाही. तरीही पुढच्या वर्षी, इ.स. ६२२ मध्ये, अकबा येथील दुसऱ्या शपथेसाठी यस्रिबहून ७३ पुरुष आणि दोन स्त्रिया आल्या, आणि त्याच वर्षी पैगंबरांनी यस्रिबला हिजरत केली. सहाबी अल-बरा इब्न आझिब यांच्या आठवणीनुसार मक्केहून मदीनेत सर्वप्रथम आलेले दोघे म्हणजे मुसअब आणि दृष्टिहीन सहाबी इब्न उम्म मक्तूम. दोघेही लोकांना कुरआन शिकवीत.

बद्रची लढाई

मार्च ६२४ मध्ये बद्र येथे सुमारे ३०० मुस्लिम आणि सुमारे १,००० कुरैश समोरासमोर आले. मुस्लिमांचे निशाण मुसअब यांच्या हाती होते. त्यांचे सख्खे भाऊ अबू अझीझ मात्र कुरैशांच्या बाजूने लढत होते आणि ते कैद झाले. एक अन्सारी, म्हणजे मदीनेचा मुस्लिम, त्यांना बांधीत असताना मुसअब तेथून गेले आणि त्यांनी त्याला सांगितले की, याला घट्ट बांध. याची आई पैसेवाली आहे, ती चांगली खंडणी देईल. भावाने विचारले, माझ्याविषयी तुझी हीच शिफारस का? त्यावर मुसअब उत्तरले की, आता तू नव्हे, हा अन्सारी माझा भाऊ आहे. आईने चार हजार दिरहम भरून अबू अझीझ यांना सोडविले.

ही हकीकत अबू अझीझ यांच्याच तोंडून नोंदली गेली आहे. तिच्यात आणखी एक तपशील आहे. कैद करणारे स्वतः खजूर खाऊन राहत आणि कैद्यांशी चांगले वागण्याच्या पैगंबरांच्या सूचनेमुळे भाकरी आपल्याला देत, असे अबू अझीझ सांगत. रक्ताचे नाते तुटण्यातील कठोरपणा आणि कैद्याला मिळालेली वागणूक या दोन्ही गोष्टी त्याच एका आठवणीत आहेत.

उहुद आणि मृत्यू

मार्च ६२५ मध्ये सुमारे ३,००० कुरैशांचे सैन्य मदीनेच्या उत्तरेकडील उहुद डोंगरापाशी आले. मुस्लिमांची संख्या सुमारे ७०० होती. या वेळीही मुसअब निशाणधारी होते. कुरैशांचे निशाण परंपरेप्रमाणे बनू अब्द अद्-दार यांच्याकडेच होते. म्हणजे रणांगणावरील दोन्ही निशाणे एकाच कुळातील माणसांनी धरली होती. कुरैशांकडील निशाणधारी एकामागून एक पडले. त्यांत मुसअब यांचे गुपित फोडणाऱ्या उस्मान इब्न तल्हा यांचे वडील तल्हा हेही होते.

प्रारंभी मुस्लिमांची सरशी झाली; परंतु पिछाडीच्या टेकडीवरील तिरंदाजांनी जागा सोडल्याने कुरैश घोडदळ मागून चालून आले. या गोंधळात इब्न कमिआ या कुरैश पक्षाच्या लढवय्याने मुसअब यांना ठार केले. आपण पैगंबरांनाच मारले असे त्याला वाटले आणि तशी आवई उठली. ती ऐकून अनेक मुस्लिमांचा धीर सुटला. मुसअब यांच्यानंतर निशाण अली इब्न अबी तालिब यांच्याकडे देण्यात आले.

इब्न साद यांनी दिलेल्या एका कथनानुसार मुसअब यांचा उजवा हात तुटल्यावर त्यांनी निशाण डाव्या हाती घेतले आणि तोही तुटल्यावर दोन्ही दंडांनी छातीशी धरले. इब्न इसहाक यांच्या जुन्या वृत्तांतात हा तपशील नाही. मृत्युसमयी मुसअब चाळिशीचे किंवा किंचित अधिक वयाचे होते.

अपुरे कफन

मुसअब यांच्या मागे एक पट्टेदार लोकरी वस्त्र तेवढे उरले होते. त्याने डोके झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर डोके. शेवटी पैगंबरांच्या सांगण्यावरून डोके वस्त्राने आणि पाय इज्खिर गवताने झाकले गेले. इज्खिर हे अरबस्तानातील सुवासिक गवत असून आपल्याकडील गवती चहा आणि रोशा गवत यांच्याच वर्गातले आहे. एकेकाळी मक्केत अत्तरासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला अखेरीस रानातल्या गवताचा सुगंध लाभला.

उहुदच्या मृतांना एका कबरीत दोघे-तिघे असे दफन करण्यात आले. ज्याला कुरआन अधिक येत असे, त्याला आधी ठेवण्यात आले.

कुटुंब

मुसअब यांची पत्नी हम्ना बिन्त जहश या पैगंबरांच्या आतेबहीण होत्या. या दांपत्याला झैनब नावाची मुलगी होती. उहुदहून परतणाऱ्या लोकांकडून हम्ना यांना प्रथम भाऊ अब्दुल्लाह यांच्या, मग मामा हम्झा यांच्या मृत्यूची बातमी कळली. दोन्ही वेळा त्यांनी धीराने प्रार्थनेचे शब्द उच्चारले. पतीचे नाव ऐकताच मात्र त्यांनी टाहो फोडला. स्त्रीच्या मनात पतीचे स्थान वेगळेच असते, असे पैगंबर त्या वेळी म्हणाल्याचे इब्न इसहाक नोंदवितात. पुढे हम्ना यांचा विवाह तल्हा इब्न उबैदुल्लाह या सहाबींशी झाला.

ऐतिहासिक साधने

मुसअब यांच्याविषयीची माहिती मुख्यतः तीन ठिकाणी मिळते: इब्न इसहाक (मृत्यू ७६७ च्या सुमारास) यांचे पैगंबर-चरित्र, जे इब्न हिशाम यांच्या संपादित रूपात उपलब्ध आहे, इब्न साद (मृत्यू ८४५) यांचा चरित्रकोश, आणि बुखारी (मृत्यू ८७०) आदींचे हदीस-संग्रह. घटना आणि लेखन यांत शतकाहून अधिक अंतर असल्याने तपशिलांत फरक आढळतो. उदाहरणार्थ, मदीनेतील पहिली शुक्रवारची सामूहिक नमाज असअद यांनी भरविली की मुसअब यांनी, याबाबत दोन परंपरा आहेत. कफनाचा प्रसंग मात्र खब्बाब इब्न अल-अरत्त आणि अब्दुर्रहमान इब्न औफ या दोन समकालीनांच्या नावे स्वतंत्रपणे आलेला आहे.

स्मृती आणि प्रभाव

हे दोन्ही कथनकार पुढच्या सुबत्तेच्या काळात बोलत होते. खब्बाब एकेकाळी गुलाम असलेले लोहार होते. ते म्हणत की, आमच्यातील काही जण या जगात मोबदल्याचे फळ न चाखताच गेले, मुसअब त्यांतले. आणि काही जण आता पिकलेली फळे तोडीत आहेत. अब्दुर्रहमान हे संपन्न व्यापारी. एकदा रोजा सोडताना समोर अन्न आले, तेव्हा त्यांना मुसअब यांच्या अपुऱ्या कफनाची आठवण झाली. ते माझ्याहून चांगले होते, असे म्हणून ते रडू लागले आणि अन्नाला त्यांनी हात लावला नाही. विजयानंतर श्रीमंत झालेल्या पिढीने स्वतःला तपासण्यासाठी मुसअब यांची स्मृती अशी मापासारखी वापरली.

उस्मान इब्न तल्हा यांनीही पुढे इस्लाम स्वीकारला. इ.स. ६३० मध्ये मक्का ताब्यात आल्यावर पैगंबरांनी काबागृहाच्या किल्ल्या त्यांच्याच हाती परत दिल्या. तो मान आजही बनू अब्द अद्-दार कुळाच्या बनू शैबा या शाखेकडे आहे. मुसअब यांची कबर उहुदच्या पायथ्याशी, त्या लढाईतील हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे.